भेटूया छोट्याशा ब्रेकनंतर

१९७३ साली अमेरिकेत शुक्रवारी रात्री जॉनी कार्सनच्या गप्पा आटोपल्या, बहुतेक घरांतले दिवे मालवले, की एक वाजता एनबीसी वाहिनीवर ‘द मिडनाइट स्पेशल’ लागायचा. दीड तासाचा कार्यक्रम, आणि गाणारे खरोखर गात, नुसते ओठ हलवत नसत. ऑक्टोबरातल्या एका भागाचं सूत्रसंचालन ग्लॅडिस नाइट या सोल गायिकेकडे होतं. तिने ‘फोकस’ नावाच्या एका डच बँडला मंचावर बोलावलं आणि पुढच्या काही मिनिटांत जे झालं ते आजही लोक एकमेकांना पाठवत असतात.

गाण्याचं नाव ‘होकस पोकस’. यान आकरमन गिटारवर एक दणदणीत तुकडा वाजवतो, मग सगळे थांबतात आणि ऑर्गनवर बसलेला थाइस व्हान लेअर स्विस गुराख्यांसारखं योडेलिंग सुरू करतो. गळ्यातून आवाज वर उडवायचा, खाली आपटायचा, पुन्हा वर. मग परत गिटार. मग ड्रम. मग व्हान लेअर शीळ घालतो, बासरी उचलतो, कुठल्याच भाषेत नसलेले शब्द भराभर बडबडतो. रेकॉर्डवर हे गाणं पावणेसात मिनिटांच्या आसपास चालतं आणि त्यात मिश्कील ऐसपैसपणा आहे. इथे मात्र ते जवळजवळ दुप्पट वेगात पळतंय. ड्रमर पिएर व्हान डर लिंडेनचे हात दिसेनासे होतात. आकरमनचा चेहरा मात्र बँकेच्या रांगेत उभं असल्यासारखा निर्विकार. सांगतात ते असं, की वाट्याला आलेला वेळ अपुरा होता. गाणं कापण्याऐवजी त्यांनी ते पळवलं. खरं कारण काहीही असो, पाहताना आपलीही छाती धपापते. गंमत म्हणजे २०१० च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी नाइके कंपनीने तीन मिनिटांची एक भव्य जाहिरात केली आणि तिच्या पाठीमागे हेच गाणं वाजवलं. टीव्हीवर एवढा वेळ मिळवायचा तर बूट विकावे लागतात.

प्रोग्रेसिव्ह रॉक, चाहत्यांच्या तोंडी नुसतं ‘प्रॉग’, आणि टेलिव्हिजन यांचं भांडण हे मुळात वेळेचं भांडण आहे. साठच्या दशकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या काही पोरांना तीन मिनिटांच्या प्रेमगीताचा कंटाळा आला. रॉकच्या साहित्यात त्यांनी पाश्चात्त्य अभिजात संगीत, जॅझ, लोकसंगीत आणि नवे कोरे सिंथेसायझर कालवले. ‘येस’ या बँडचं १९७२ चं ‘क्लोज टू द एज’ हे गाणं रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापतं, अठरा मिनिटांहून अधिक. त्याच वर्षी ‘जेथ्रो टल’ने ‘थिक अॅज अ ब्रिक’ काढलं: दोन्ही बाजू मिळून एकच गाणं, मध्ये फक्त रेकॉर्ड उलटण्यापुरती उसंत. विलंबित ख्यालाची सवय असलेल्या कानाला यात भिण्यासारखं काही नाही. आधी जागा तयार करायची, मग एकेक स्वर येऊ द्यायचा, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि त्या ख्यालाला यंत्राने कसं आवळलं तेही आपल्याला ठाऊक आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर जेमतेम साडेतीन मिनिटं मावत, म्हणून एरवी तासभर राग मांडणाऱ्या केसरबाई केरकरांची भैरवी ‘व्हॉयेजर’ यानातून अंतराळात गेली ती साडेतीन मिनिटांचीच. पण तबकडीने निदान गाणं सोडून दुसरं काही मागितलं नाही. टीव्ही चेहरा मागतो, गप्पा मागतो आणि वर जाहिरातीसाठी थांबायला लावतो.

या भांडणातला आद्यपुरुष म्हणून मी संगीतकार फ्रँक झॅपाला धरतो. तो प्रॉगवाला होता का, यावर त्याचे चाहते आजही हातघाईवर येतात. तो वाद मी बाजूला ठेवतो. मार्च १९६३ मध्ये ‘द स्टीव्ह अॅलन शो’मध्ये बावीस वर्षांचा एक सडपातळ मुलगा सूट-टाय घालून, गुळगुळीत दाढी करून आला. पुढे जगाला माहीत झालेल्या त्या मिशीचा आणि हनुवटीवरच्या झुपक्याचा पत्ताच नाही. त्याच्यासमोर दोन सायकली. हा मुलगा सायकल ‘वाजवतो’, असं सांगून अॅलनने प्रेक्षकांना हसवून घेतलं. झॅपा शांतपणे दाखवत गेला: चाकाच्या तारा अशा छेडायच्या, त्यांच्यावर डबल बासचा गज असा फिरवायचा, चौकटीवर ड्रमच्या काठ्या अशा मारायच्या, हँडलच्या नळीत अशी फुंकर घालायची. किती दिवस वाजवतोयस, या प्रश्नाला त्याने प्रामाणिकपणे दोनेक आठवडे असं उत्तर दिलं. शेवटी त्याने अॅलनला एका सायकलीला जुंपलं, स्टुडिओतल्या वाद्यवृंदाला मनाला येईल ते वाजवायला सांगितलं, सोबत स्वतः तयार केलेली ध्वनिफीत लावली, आणि जॉन केज या प्रयोगशील संगीतकाराच्या धाटणीचं संगीत अमेरिकेच्या दिवाणखान्यांत विनोदी कार्यक्रमाच्या नावाखाली घुसवलं. अॅलन स्वतः पियानोवादक. तो हसत होता, पण कानही देत होता, हे नीट पाहिलं तर कळतं. झॅपाची हुशारी अशी, की आपल्याला हसणार हे त्याने आधीच हिशेबात धरलं होतं.

हीच हुशारी त्याला पंधरा वर्षांनी सोडून गेली. ऑक्टोबर १९७८ मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’चा पाहुणा सूत्रसंचालक म्हणून तो आला तेव्हा, आपण संवाद पाटीवरून वाचतोय हे प्रेक्षकांना उघड दाखवत त्याने सगळ्या कार्यक्रमाचीच टर उडवली. सोबतचे कलाकार वैतागले. पुन्हा त्याला बोलावणं आलं नाही. पाहुणा यजमानावर हसला तर चालतं, पण जेवणाच्या पंगतीत बसून नव्हे.

आता लंडन. १४ मे १९६७, बीबीसी, ‘द लुक ऑफ द वीक’ हा कलाविषयक कार्यक्रम. या सगळ्या चित्रफितींमध्ये माझ्या दृष्टीने सर्वांत मोलाची हीच. दोनच दिवसांपूर्वी ‘पिंक फ्लॉइड’ने क्वीन एलिझाबेथ हॉलमध्ये साबणाचे फुगे वगैरे सोडून मोठा जलसा केला होता. तोवर त्यांचा एकही अल्बम आलेला नव्हता. मुलाखत घ्यायला बसले होते हान्स केलर. व्हिएन्नात जन्मलेले, नाझींमुळे १९३८ मध्ये देश सोडून इंग्लंडला आलेले, व्हायोलिन आणि व्हिओला वाजवणारे, बीबीसीतले धाक असलेले संगीतज्ञ. आधुनिक संगीताच्या नावाखाली काहीही खपतं का हे पाहायला याच केलरनी १९६१ मध्ये एका सहकारी पियानोवादिकेसोबत स्टुडिओतली वाद्यं वाटेल तशी बडवून, कुण्या काल्पनिक पोलिश संगीतकाराची रचना म्हणून ती बीबीसीच्या नभोवाणीवर वाजवली होती आणि समीक्षकांनी ती गांभीर्याने घेतली होती. असा माणूस फ्लॉइडला काय सोडणार?

केलर कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच आपलं मत मोकळं करून टाकतात. हे संगीत त्यांना कंटाळवाणं वाटतं, पुनरुक्तीने भरलेलं वाटतं, आणि भयंकर मोठ्या आवाजाचं वाटतं. कदाचित आपणच गरजेपेक्षा जास्त संगीतकार आहोत म्हणून कळत नसेल, असा एक चिमटाही ते काढतात. पण लगेच म्हणतात, यांना श्रोते आहेत, आणि ज्यांना श्रोते आहेत त्यांचं ऐकून घेतलं पाहिजे. मग बँड वाजवतो. नंतर बँडमधले सिड बॅरेट आणि रॉजर वॉटर्स शेजारी येऊन बसतात. केलर आपल्या जाड व्हिएन्नी उच्चारांत विचारतात, हे सगळं इतकं मोठ्याने कशासाठी? मी तंतुवाद्यांच्या चौकडीत वाढलोय. त्यावर वॉटर्सचं म्हणणं साधं: आम्ही नाही वाढलो त्यात, कारण तेच असेल. बॅरेट सौम्यपणे सांगतो, आम्हाला काही ते मोठं वाटत नाही. दोघंही अत्यंत सभ्य. शर्टाच्या कॉलरपासून शब्दांपर्यंत सगळं नीटनेटकं. शेवटी केलर निकाल देतात, की हे थोडंसं बालपणाकडे परत जाणं आहे, पण जायला हरकत काय?

लोक ही मुलाखत म्हाताऱ्या खडूस टीकाकाराची फजिती म्हणून पाहतात आणि हसतात. मला ते पटत नाही. केलर तेव्हा पन्नाशीलाही पोचलेले नव्हते. शिवाय त्या काळात टीव्हीवर कोणी या मुलांना त्यांच्या संगीताबद्दल एक तरी खरा प्रश्न विचारला असेल, तर तो यांनीच. न आवडलेल्या गोष्टीसमोर बसून तिचं कारण विचारायचं, उत्तर ऐकायचं आणि तरीही मत न बदलता निरोप घ्यायचा, ही रीत आज आपल्याकडच्या चर्चेच्या कार्यक्रमांत औषधालाही सापडत नाही.

सहा महिन्यांनी, नोव्हेंबर १९६७ मध्ये, हाच बँड अमेरिकेत गेला. तिथे ‘अमेरिकन बँडस्टँड’चा डिक क्लार्क होता, सदा हसरा, दात चकचकीत. ‘अॅपल्स अँड ऑरेंजेस’ हे गाणं मागून वाजणार आणि बँडने फक्त वाजवल्याचा अभिनय करायचा, अशी तिथली पद्धत. बॅरेटची तब्येत तोवर ढासळू लागली होती. चित्रफितीत तो ओठ हलवतो, पण उपकार केल्यासारखे. नजर कॅमेऱ्याच्या पलीकडे कुठेतरी. याच दौऱ्यात पॅट बून या गायकाच्या कार्यक्रमातही ते गेले. त्याबद्दलची दंतकथा प्रसिद्ध आहे: बूनने प्रश्न विचारले आणि बॅरेट एक शब्द न बोलता त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. ड्रमर निक मेसनने मात्र आपल्या आठवणींच्या पुस्तकात वेगळं लिहिलंय. तुला काय आवडतं, असं विचारल्यावर बाकीचे श्वास रोखून उभे असताना बॅरेट आनंदाने म्हणाला, अमेरिका! प्रेक्षकांनी एकच जल्लोष केला. मला मेसनची हकिकत जास्त आवडते. मौनाची कथा सुंदर आहे, पण आजारी माणसाला ऋषी करून टाकणाऱ्या सगळ्याच कथा सुंदर असतात. १९६८ च्या वसंतापर्यंत बॅरेट बँडमधून गेलेला होता.

इंग्लंडात दर आठवड्याला रेकॉर्डचं नशीब ठरवणारा कार्यक्रम म्हणजे ‘टॉप ऑफ द पॉप्स’. जानेवारी १९६४ पासून चाललेला. ज्यांच्या छोट्या रेकॉर्डी खपाच्या यादीत वर चढतील त्यांनाच आमंत्रण. प्रॉगवाल्यांपैकी बरेच जण छोट्या रेकॉर्डी काढतच नसत, त्यामुळे या देवळात त्यांना प्रवेश कमी. संगीतकारांच्या संघटनेचा आग्रह असे, की वाजवल्याचा अभिनय करायचा तर त्यासाठी गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करा, म्हणजे वादकांना काम मिळेल. मग संघटनेच्या माणसासमोर ध्वनिमुद्रणाचं नाटक व्हायचं आणि आयत्या वेळी मूळ रेकॉर्डचीच फीत सरकवली जायची. हे सगळ्यांना माहीत होतं, संघटनेच्या माणसालाही.

या कार्यक्रमातला एक प्रसंग मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. रॉबर्ट वायट हा ‘सॉफ्ट मशीन’चा ड्रमर आणि गायक. याच बँडला १९७० मध्ये रॉयल अल्बर्ट हॉलच्या प्रॉम्स महोत्सवात वाजवायला बोलावलं होतं, म्हणजे अभिजात संगीताच्या गाभाऱ्यात. १ जून १९७३ रोजी एका पार्टीत वायट चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला आणि कमरेखालून कायमचा लुळा झाला. पायांनी वाजवायचे ड्रम संपले. तो गायक म्हणून नव्याने उभा राहिला, आणि सप्टेंबर १९७४ मध्ये ‘आय अॅम अ बिलीव्हर’ हे ‘मंकीज’ बँडचं जुनं उडतं गाणं त्याने आपल्या पातळ, रडवेल्या आवाजात गाऊन यादीत आणलं. ‘टॉप ऑफ द पॉप्स’चं बोलावणं आलं. स्टुडिओत निर्मात्याने सुचवलं, की चाकाची खुर्ची कौटुंबिक कार्यक्रमात बरी दिसत नाही, साध्या खुर्चीत बसा. वायट भडकला. आरडाओरडा झाला. शेवटी तो चाकाच्या खुर्चीतच गायला. मागे ड्रमवर पिंक फ्लॉइडचा निक मेसन होता. त्यानेच गाण्याची निर्मिती केली होती. पुढे ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या साप्ताहिकाने मुखपृष्ठ छापलं ते अख्खा बँड चाकाच्या खुर्च्यांत बसवून. गाणं एकोणतिसाव्या क्रमांकापर्यंत चढलं. ती चित्रफीत आज पाहिली तर खुर्चीकडे लक्षच जात नाही, इतका तो माणूस गाण्यात आहे. आणि निर्मात्याला नेमकं काय खुपत होतं याचा अंदाजही लागत नाही.

टीव्हीच्या डोळ्याला वस्तू मात्र आवडतात. १९८१ साली ‘जेनेसिस’चा ड्रमर-गायक फिल कॉलिन्स ‘इन द एअर टुनाइट’ गायला याच कार्यक्रमात आला, तेव्हा त्याच्यासमोर रंगाचा डबा आणि ब्रश ठेवलेला होता. त्याचं लग्न नुकतंच मोडलं होतं आणि त्या मोडण्यात घर रंगवायला आलेल्या माणसाचा हात होता, हे पुढे जगजाहीर झालं. डबा हा निव्वळ योगायोग, असं कॉलिन्स वर्षानुवर्षं सांगतोय. कोणी ऐकत नाही. त्या गाण्यातला ड्रमचा आवाज ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात नोंदला गेला, पण टीव्ही पाहणाऱ्यांना डबा आठवतो.

मुलांच्या ‘ब्लू पीटर’ या कार्यक्रमाचं त्यापेक्षा बरं. ‘ट्यूब्युलर बेल्स’चा कर्ता माइक ओल्डफील्ड हा लोकांसमोर यायला घाबरणारा, पण एकट्याने डझनावारी वाद्यं वाजवून एकावर एक थर चढवणारा. १९७९ मध्ये त्याने कार्यक्रमाची शीर्षकधूनच आपल्या पद्धतीने, थरांवर थर रचत वाजवून दाखवली. पोरांना ती इतकी आवडली की वाहिनीने तीच शीर्षकधून ठेवली. लाजऱ्या माणसाला मुलाखतीला बसवण्यापेक्षा हातात काम द्यावं, एवढं त्या कार्यक्रमाला कळलं.

कॅनडाची कहाणी मला सर्वांत गमतीची वाटते, कारण तिच्या मुळाशी अक्षरशः दोन मिनिटं आहेत. ‘एससीटीव्ही’ हा टोरांटोत जन्मलेला विनोदी कार्यक्रम. कॅनडाच्या सरकारी वाहिनीवर जाहिराती कमी, म्हणून तिथला भाग अमेरिकी भागापेक्षा दोन मिनिटांनी लांब पडायचा. वाहिनी म्हणाली, त्या दोन मिनिटांत काहीतरी अस्सल कॅनेडियन दाखवा. रिक मोरॅनिस आणि डेव्ह थॉमस या विनोदवीरांना हा हुकूम हास्यास्पद वाटला. त्यांनी लोकरी टोप्या चढवल्या, बिअर उघडली आणि बॉब व डग मकेन्झी या दोन रिकामटेकड्या भावांच्या निरर्थक गप्पा दोन मिनिटं ठोकून दिल्या. लोकांनी भावांना डोक्यावर घेतलं. १९८१ मध्ये त्यांची रेकॉर्ड निघाली आणि ‘टेक ऑफ’ या गाण्यात गायला मोरॅनिसने आपला शाळासोबती बोलावला: गेडी ली, ‘रश’ या बँडचा गायक. रश म्हणजे ज्यांचं ‘२११२’ वीस मिनिटं चालतं ते. हे थट्टेचं गाणं अमेरिकेत सोळाव्या क्रमांकावर गेलं. खुद्द रशचं एकही गाणं तिथे एकविसाव्याच्या वर कधी चढलं नाही.

अमेरिकी टीव्हीने रशला नंतर जवळजवळ विसरूनच टाकलं. १६ जुलै २००८ रोजी ते ‘द कोल्बेर रिपोर्ट’मध्ये आले तेव्हा त्या देशाच्या पडद्यावर तेहतीस वर्षांनी वाजवत होते. स्टीव्हन कोल्बेरने चेहऱ्यावरची रेषही न हलवता विचारलं: कधी असं झालंय का, की गाणं इतकं लांबलं, की शेवटाला येईपर्यंत सुरुवातीच्या तुमचाच तुमच्यावर प्रभाव पडायला लागला? बँडचे तिघेही खो खो हसले. हा प्रश्न रचायला संगीत मनापासून ऐकलेलं असावं लागतं. केलरनी न आवडून विचारलं, कोल्बेरने आवडून. दोघांनाही मूळ मुद्दा वेळेचा आहे हे ठाऊक होतं. जून २०११ मध्ये डेव्हिड लेटरमनने आपल्या कार्यक्रमात ड्रमच्या एकल वादनाचा आठवडा केला आणि त्यात रशचा नील पिअर्ट आला. गप्पा नाहीत, गाणं नाही, एकटा माणूस आणि त्याच्या चहूबाजूंनी रचलेला ड्रमचा किल्ला. पिअर्ट अनोळखी लोकांशी बोलायला कायम अवघडायचा. त्याच्यासाठी याहून बरा ‘टॉक शो’ असू शकला नसता.

आणि मग ‘येस’चा रिक वेकमन. पाठीवर लांबसडक सोनेरी केस, पायघोळ चमचमता झगा, चहूबाजूंना कीबोर्ड. प्रॉगच्या डामडौलाचं चित्र काढायचं तर याचंच काढावं. १९७५ मध्ये याने किंग आर्थरची कथा वेम्बलीत बर्फावर स्केटिंग करणाऱ्यांसह सादर केली होती. पण हा माणूस मुळात पबमधला गप्पिष्ट, आणि टीव्हीने ते बरोबर हेरलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला ‘चॅनल फोर’ने त्याला आणि टोनी अॅश्टनला ‘गॅसटँक’ नावाचा कार्यक्रम दिला. स्टुडिओत बार मांडायचा, जुने मित्र बोलवायचे, गप्पा मारायच्या, मध्येच वाजवायचं. पुढे तो शब्दखेळाच्या ‘काउंटडाउन’मध्ये शब्दकोशाच्या टेबलावर बसू लागला, बीबीसीच्या ‘ग्रम्पी ओल्ड मेन’मध्ये आधुनिक जगाच्या नावाने कुरकुरू लागला. १९७३ मध्ये मँचेस्टरला ‘येस’च्या चार बाजूंच्या लांबलचक रचनेत आपल्याला वाजवायलाच काही नाही म्हणून त्याने मंचावर, कीबोर्डच्या आडोशाने कोंबडीचा विंदालू खाल्ला, ही हकिकत त्याने इतक्या वेळा सांगितलीय की तीच आता त्याची सर्वांत लोकप्रिय रचना असावी. आजची ब्रिटिश पिढी त्याला आधी विनोदी म्हातारा म्हणून ओळखते. कडव्या चाहत्यांना हे लागतं. मला वाटतं, डामडौलाचा आरोप पंक पिढीने या लोकांवर केला तेव्हा त्याचं सर्वांत चोख उत्तर याच्या कुरकुरीत होतं. स्वतःवर हसणाऱ्याला पोकळ कसं म्हणणार?

७ एप्रिल २०१७ रोजी ब्रुकलिनमध्ये ‘येस’ला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. सोहळा एचबीओवर दाखवला गेला. सत्काराचं भाषण रशच्या गेडी ली आणि अॅलेक्स लाइफसनने केलं. बँडचे सभासद गंभीरपणे आभार मानून गेल्यावर वेकमन माइकसमोर आला आणि काळे कोट घातलेल्या त्या प्रतिष्ठित सभेत एकामागून एक अश्लीलतेच्या काठावरचे विनोद सोडू लागला. त्यातूनच तो प्रोस्टेटच्या तपासणीवर घसरला आणि वयस्क पुरुषांनो, तपासून घ्या, असा खराखुरा आरोग्यसल्ला देऊन मोकळा झाला. मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्यांपैकी काहींना हसू आवरत नव्हतं, काहींना आणायला जमत नव्हतं. कारण तोवर बँडची दोन घरं झाली होती. गिटारवादक स्टीव्ह हाउ आणि ड्रमर अॅलन व्हाइट मूळ नावाने दौरे करत होते. गायक जॉन अँडरसन, ट्रेव्हर रॅबिन आणि वेकमन वेगळे. त्या रात्री सगळ्यांनी एकत्र ‘राउंडअबाउट’ वाजवलं. बासवादक ख्रिस स्क्वायर २०१५ मध्ये वारला होता, त्याच्या जागी गेडी ली उभा राहिला. त्यानंतर काहीच दिवसांत अँडरसन-वेकमनच्या घराने जाहीर केलं, की यापुढे आमच्याही नावात ‘येस’ असेल.